विश्लेषण : डोंबिवलीतील पंप ठाण्यात बसून कसा दुरुस्त होतो? त्यात धोका कोणता?

डोंबिवली एमआयडीसीतील एखाद्या कारखान्यात रात्री दोनला पंप ट्रिप होतो. पॅनेलचे प्रोग्रामिंग करणारा अभियंता राहतो ठाण्यात, घोडबंदर रोडला. पूर्वी तो पहाटेची लोकल पकडायचा. आता घरीच लॅपटॉप उघडून बिघाड पाहतो. ही सोय पीएलसीला जोडलेल्या मोडेमची. पण तो ज्या वाटेने आत शिरतो, त्या वाटेने इतर कोणी शिरू शकतो का?

फोनवर यंत्र कसे बोलते?

पीएलसी, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, हा पॅनेलमधला छोटा संगणक. टाकीची पातळी, दाब, तापमान वाचून तो पंप आणि व्हॉल्व्ह चालू-बंद करतो. लँडलाइनच्या काळात त्याच्या सीरियल पोर्टला एक मोडेम असे, ऑफिसातील संगणकाला दुसरा. संगणक नंबर फिरवायचा, पलीकडचा मोडेम फोन उचलायचा.

ऐकायला सोपे, प्रत्यक्षात घाम फोडणारे. बॉड रेट, पॅरिटी, स्टॉप बिट दोन्हीकडे जुळले नाहीत की पडद्यावर नुसता कचरा. त्यात मॉडबस ही १९७९ पासूनची, आजही सर्रास वापरली जाणारी भाषा. तिच्या आरटीयू प्रकारात संदेश संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांइतकी शांतता. मोडेम मध्येच थबकला की पीएलसीला संदेश अर्धाच वाटतो आणि संगणकावर ‘टाइमआउट’ येतो. केबल बदलून बदलून दमलेल्यांनी आधी हे तपासावे.

सिम आल्याने काय बदलले?

आता मोडेमच्या जागी सिम असलेला ४जी राउटर असतो. मोबाइल कंपन्या सहसा सिमला खासगी आयपी पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून त्याला थेट गाठता येत नाही. मग काही जण स्टॅटिक सार्वजनिक आयपी घेतात आणि राउटरमध्ये पोर्ट उघडतात. काम दहा मिनिटांत होते. पण फोन लावण्यासाठी निदान नंबर माहीत असावा लागे; इंटरनेटवर उघडे पोर्ट शोधणारी यंत्रणा मात्र चोवीस तास फिरत असते. शिवाय मूळ मॉडबसमध्ये पासवर्डची सोयच नाही. राउटरनेच आतून व्हीपीएन जोडणी करणे हा दुसरा मार्ग. थोडा खटाटोप आहे, पण योग्य तोच.

असे खरेच घडले आहे?

नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात अलिक्विपा येथील पाणीपुरवठा केंद्राच्या पीएलसीत हल्लेखोर शिरले. कर्मचाऱ्यांना पंप हाताने चालवावे लागले. त्या पीएलसीचा कंपनीने दिलेला पासवर्ड ‘११११’ होता. तो न बदलता यंत्र इंटरनेटवर ठेवणे हीच फट असल्याचे अमेरिकी सायबर यंत्रणेने सांगितले.

आपल्याकडे १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा पारेषण वाहिनीतील बिघाडानंतर मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मार्च २०२१ मध्ये तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी सायबर हल्ल्याचा संशय व्यक्त केला. तत्कालीन केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले.

मग काय करावे?

दुरून फक्त पाहता यावे; पंप चालू करण्याची मुभा गरजेपुरतीच. पॅनेलवर लोकल-रिमोट स्विच हवाच, आणि फिटरचा हात यंत्रात असताना तो ‘लोकल’वर. पॅनेल बसवून गेलेल्या कंत्राटदाराचा पासवर्ड अजून चालतो का, हेही आजच तपासा.