काटा किती वेगानं उतरतो?

'सात दिवसांत सात किलो वजन घटवा!' लोकलच्या डब्यात, विजेच्या खांबावर, मोबाइलच्या पडद्यावर ही जाहिरात आपला पिच्छा सोडत नाही. एकदा तिचा हिशेबच करून टाकू.

एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. सात किलोंच्या झाल्या ५३,९००. बैठं काम करणाऱ्या मध्यम बांध्याच्या माणसाचं शरीर दिवसाला खर्च करतं दोनेक हजार. त्यानं आठवडाभर अन्नाचा कण तोंडात घातला नाही, तरी खर्च १४,००० कॅलरींचा. ही सगळी भरपाई चरबीतूनच झाली असं धरलं, तरी जेमतेम १.८ किलो चरबी जळते. उरलेल्या पाच किलोंचं काय? एक तर ते पाणी असतं, नाही तर निव्वळ थाप.

३८२ दिवस पोटात अन्न नाही

उपाशी राहून वजन किती वेगानं उतरतं, याचं टोकाचं उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे. अँगस बार्बिएरी हा तरुण १९६५ साली डंडीच्या रुग्णालयात उपचारांसाठी गेला, तेव्हा त्याचं वजन होतं २०७ किलो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यानं खाणंच थांबवलं. पाणी, चहा, काळी कॉफी, सोडा, जीवनसत्त्वं आणि क्षार, बस्स. हे चाललं ३८२ दिवस! शेवटी काटा आला ८२ किलोंवर.

आता भागाकार करा. १२५ किलो भागिले ३८२ दिवस म्हणजे रोजचे सुमारे ३३० ग्रॅम, आठवड्याचे सव्वादोन किलो. दोनशे किलोंहून जड देह, अन्न शून्य, आणि तरी वेग एवढाच. (हा प्रयोग कुणीही घरी करायचा नाही. अशा लांबलचक उपवासांत रुग्ण दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.) मग साठ-सत्तर किलोंच्या, दोन वेळा जेवणाऱ्या माणसानं आठवड्याला अर्धा किलो कमी केलं, तर ती उत्तम गती झाली. जगभरातले डॉक्टर आठवड्याला अर्धा ते एक किलो सांगतात ते याच हिशेबानं.

पहिला आठवडा फसवतो

डाएट सुरू केलं, पाच दिवसांत दोन किलो गेले, घरात आनंदीआनंद. हे दोन किलो खरे असतात, फक्त ते चरबीचे नसतात. आपल्या यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा राखीव साठा) असतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. भात-पोळी कमी केली की आधी हा साठा उपसला जातो, पाणी लघवीवाटे निघून जातं आणि काटा झरझर खाली येतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोच काटा हळू होतो आणि लोक म्हणतात, 'डाएट लागू पडेनासं झालं.' खरं तर चरबी उतरायला लागते ती याच सुमारास.

उलटंही तेवढंच खरं. लग्नाच्या पंगतीत जिलेबी-मठ्ठा झाला, पापड-लोणचं झालं आणि दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो वर! घाबरू नका. एका दिवसात दीड किलो चरबी चढायला रोजच्यापेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. मिठानं धरून ठेवलेलं पाणी, भरलेलं ग्लायकोजेन आणि पोटातलं जेवण यांचं ते वजन आहे. पाळीच्या आधीच्या दिवसांतही अनेकींचं वजन असंच पाण्यानं वाढतं. रोजच्या आकड्यावर मूड ठरवण्यापेक्षा आठवड्याची सरासरी काढावी, असं मला मनापासून वाटतं.

पाण्याचं वजन किती पटकन हलतं, ते बॉक्सर मेरी कोमनं दाखवून दिलं. २०१८ मध्ये पोलंडमधल्या स्पर्धेसाठी ती पहाटे पोहोचली, तेव्हा ४८ किलो गटाच्या मर्यादेपेक्षा दोन किलो जास्त होती. वजन व्हायला उरले होते चार तास. तिनं तासभर दोरीच्या उड्या मारल्या, घाम गाळला आणि वजनात बसली. सुवर्णपदकही आणलं. पण घामावरही एका मर्यादेपलीकडे भरवसा टाकता येत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम लढतीच्या सकाळी कुस्तीगीर विनेश फोगट ५० किलोंच्या वर अवघ्या १०० ग्रॅमनी भरली. रात्रभर व्यायाम, सौनाची वाफ, केससुद्धा कापले, तरी तेवढे ग्रॅम निघाले नाहीत. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंची ही कथा. घाम आणणारे पट्टे विकत घेण्याआधी ती जरूर आठवावी.

आपल्या उपवासांचं गणित तर वेगळंच आहे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. साबूदाणा, दाण्याचं कूट, तूप आणि बटाटा एका ताटलीत आले की साध्या पोळी-भाजीपेक्षा कॅलरी बहुधा जास्तच भरतात.

१८६३ सालचा पहिला डाएटवाला

विल्यम बँटिंग हा लंडनचा व्यावसायिक. अंत्यविधींची व्यवस्था हा त्याचा धंदा, राजघराण्याच्या शवपेट्याही त्याच्याकडे बनत. पासष्टीचा बँटिंग कानानं कमी ऐकू येतं म्हणून डॉक्टर विल्यम हार्वे यांच्याकडे गेला. त्यांनी सांगितलं की दुखणं कानाचं नाही, चरबीचं आहे. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद! १८६२ च्या ऑगस्टमध्ये त्याचं वजन होतं साडेएक्क्याण्णव किलोंच्या आसपास. वर्षभरात २१ किलो उतरले. १८६३ मध्ये त्यानं पुस्तिका छापली आणि ती तुफान गाजली. आठवड्याचा वेग काढून पाहा, सुमारे ४०० ग्रॅम. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या सगळ्यात गाजलेल्या यशाचा हा वेग आहे!

चरबी जाते कुठे?

हा प्रश्न घरी विचारून पाहा. घाम, लघवी, 'उष्णता होऊन जाते'... बरोबर उत्तर सहसा येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ मध्ये गणित मांडलं: १० किलो चरबी जळली की ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि १.६ किलोंचं पाणी होतं. म्हणजे चरबी आपण नाकानं बाहेर टाकतो. नुसता भराभर श्वास घेऊन मात्र काही साधत नाही, त्यानं चक्कर येते.

आणि फक्त पोटाचे व्यायाम करून फक्त पोट उतरतं का? १९७१ मध्ये टेनिसपटूंचे हात मोजले गेले. वर्षानुवर्षं रॅकेट फिरवणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते, पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच निघाली.

मधेच काटा का अडतो?

याचं उत्तर फार कमी लोकांना मिळतं आणि ते न मिळाल्यानं कितीतरी जण हार मानतात. म्हणून जरा थांबून सांगते.

मॅक्स विश्नॉफ्स्की या डॉक्टरांनी १९५८ मध्ये एक हिशेब मांडला: ३,५०० कॅलरींची तूट म्हणजे एक पौंड. लोकांनी तो कायमचा नियम मानला. आता उदाहरण घ्या. दिवसात तीन कप चहा आणि प्रत्येक कपातली एक चमचा साखर बंद केली, तर रोजच्या ६० कॅलरी वाचल्या. जुन्या नियमानं वर्षाला पावणेतीन किलोंहून जास्त वजन उतरेल आणि साठ किलोंची बाई एकवीस-बावीस वर्षांत नाहीशीच होईल. असं होत नाही, कारण शरीर हलकं झालं की त्याचा खर्चही घटतो. कमी वजनाला चालायला, चढायला, नुसतं बसून राहायलाही कमी ऊर्जा लागते.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे तेव्हाचे संशोधक केव्हिन हॉल यांनी २०११ मध्ये जास्त वजनाच्या प्रौढांसाठी नवा आडाखा दिला: रोजच्या खाण्यातून साधारण २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर वजन अखेर एक किलोनं उतरतं. त्यातला निम्मा भाग पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. या मापानं चहाचे तीन चमचे म्हणजे एकूण अडीच किलो, पहिल्या वर्षी सव्वा. थोडं वाटतं ना? पण हे फक्त चहातल्या साखरेचं आहे.

याच हॉल यांनी 'द बिगेस्ट लूजर' या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा सहा वर्षांनी पाठपुरावा केला. ३० आठवड्यांत त्यांचे सरासरी ५८ किलो गेले होते, सहा वर्षांत त्यातले सरासरी ४१ परत आले. शरीराचा विश्रांतीतला खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. या माणसांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांचं शरीरच त्यांना मागे ओढत होतं.

सावकाश की झटपट? इथे एक आश्चर्य आहे. मेलबर्नच्या एका अभ्यासात काहींनी १२ आठवड्यांत वजन उतरवलं, काहींनी ३६ आठवड्यांत. तीन वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे सत्तर टक्के वजन परत आलेलं होतं. म्हणजे नुसतं हळू गेल्यानं वजन टिकत नाही, नंतरच्या सवयींनी टिकतं. झटपट वाटेवर डॉक्टर सोबत हवेत, हे मात्र पक्कं. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरू लागलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो आणि स्नायूही झिजतात. डाळ, दही, अंडी, मासे आणि थोडं वजन उचलणं हा त्यावरचा उतारा.

'दंगल'साठी आमिर खान ९७ किलोंपर्यंत गेला आणि पाचेक महिन्यांत उतरला, हे खरं आहे. पण त्या पाच महिन्यांत त्याचं काम तेवढंच होतं, दिमतीला प्रशिक्षक होते आणि आहारासाठी डॉ. निखिल धुरंधर यांच्यासारखे स्थूलतेचे अभ्यासक. ऑफिस, डबा आणि मुलांच्या परीक्षा सांभाळून त्याच्याशी तुलना करू नये.

इंजेक्शननं तरी?

वजनासाठीची आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतातही आली. त्यांतल्या सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन घटलं. ९० किलोंच्या माणसाचे झाले साडेतेरा किलोंच्या जवळपास, म्हणजे आठवड्याला सरासरी २०० ग्रॅम. इतक्या गाजलेल्या औषधाचाही वेग हा आहे. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला, हेही त्याच चाचणीच्या पुढच्या पाठपुराव्यात नोंदवलं आहे.

स्वप्नातलं वजन

१९९७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ६० स्थूल महिलांना उपचारांआधी विचारलं गेलं की किती वजन उतरवायचंय? सरासरी उत्तर आलं ३२ टक्के. १७ किलो कमी झालं तर 'निराशा होईल' असं त्या म्हणाल्या. ४८ आठवड्यांनी सरासरी १६ किलो उतरले होते. प्रकृतीच्या दृष्टीनं हे घवघवीत यश, पण ४७ टक्के महिला स्वतःच ठरवलेल्या 'निराशे'च्या आकड्यापर्यंतही पोचल्या नाहीत. सोळा किलो उतरवूनही वाईट वाटावं, याचं मला फार दुःख होतं. भाचीचं लग्न सहा आठवड्यांवर असेल, तर तीन किलोंची आशा धरा. ब्लाउज सैल व्हायला तेवढे पुरतात.

प्रकृतीला तर त्याहून थोड्यात फरक पडतो. अमेरिकेतल्या २००२ च्या मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात लक्ष्य होतं फक्त सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोंच्या माणसाचे सात टक्के म्हणजे साडेपाच किलो, साधारण तीन महिन्यांचं काम. २००६ मध्ये चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवरचे निष्कर्ष मांडले, ते आणखी उभारी देणारे आहेत: आहार आणि चालणं सुधारल्यावर वजन फारसं न घटताही मधुमेह २८.५ टक्क्यांनी कमी झाला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडची सडपातळ माणसंही आतून चरबी बाळगून असतात, ती अशी. म्हणून भारतीयांसाठी काट्याइतकीच टेप महत्त्वाची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, न आवळता कंबर मोजा. मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे.