बाळाचं दूध कशात तापवता?

लिव्हरचा डॉक्टर घडायला वर्षं किती लागतात, ते मोजून पाहा: एमबीबीएसची साडेचार, इंटर्नशिपचं एक, एमडीची तीन, डीएमची आणखी तीन. गोंदियात २०१६ साली शासकीय मेडिकल कॉलेज सुरू झालं, त्यामुळे या वाटेची पहिली पायरी आता जिल्ह्यातच आहे. पुढे मोठं शहर गाठावं लागतं. तिथे एंडोस्कोपी, बायॉप्सी, ट्रान्सप्लांटनंतरची देखभाल असं पुष्कळ शिकवतात. पण मुलांच्या यकृताच्या एका भयंकर रोगाचं कोडं सुटायला मदत झाली ती पुण्यात, आणि तीही बालरोगतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नामुळे.

दुधावरची लहान मुलं. पोट फुगलेलं, यकृत टणक, मग कावीळ. उपचार मिळाले नाहीत तर बहुतेकांचा मृत्यू. ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ हे त्याचं नाव. या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं सापडलं. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या ऊतीत ते साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. इथे ते अनेकदा ८०० च्याही वर जाई. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. टॅनर यांच्यासोबत मुलांच्या खाण्यापिण्याची चौकशी केली. १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी बोट ठेवलं ते पितळी भांड्यावर. गाईम्हशीचं दूध लवकर सुरू झालेलं, आणि ते कल्हई नसलेल्या पितळेत तापवलेलं, ठेवलेलं. दुधातलं केसीन तांब्याला धरून ठेवतं, म्हणून भांड्यातलं तांबं दुधात उतरतं. कल्हईचा कथलाचा थर असला की ते उतरणं रोखलं जातं.

पितळ वापरणाऱ्या प्रत्येक घरात मूल आजारी पडलं नाही, त्यामुळे काही उपजत प्रवृत्तीही असावी. पण पितळ गेलं, स्टील आलं, तसा हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियाच्या टायरोल भागातही तांब्याच्या भांड्यांतल्या दुधाने १९०० ते १९७४ दरम्यान १३८ बालकं दगावली होती.

गोंदिया १९९९ पर्यंत ज्या भंडारा जिल्ह्यात होता, तो पितळी भांड्यांसाठीच नावाजलेला. इथल्या डॉक्टरला आज वेगळं विचारावं लागतं. डोळे पिवळे दिसले म्हणजे दोष लिव्हरचाच असं नाही: सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी फुटूनही डोळे पिवळे होतात, पित्ताशयात खडेही होतात. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये केली होती. मोहाची दारू किती घेता, हे विचारताना रुग्णाच्या बायकोकडेही पाहावं. आणि कावीळ उतरवायला कुठला पाला, कुठली मुळी घेतली, हे तर न लाजता विचारावं. मुंबईच्या डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली, तेव्हा आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली होती.