मेपलची पट्टी, तांब्याच्या चुका

अमेरिकेच्या मेन राज्यात, न्यू ग्लॉस्टर गावाजवळ सॅबथडे लेक ही शेकर पंथाची वस्ती आहे. पंथाच्या बाकी सगळ्या वस्त्या मिटल्या, ही एकच अजून नांदती आहे. जानेवारी २०१७ मध्ये सिस्टर फ्रान्सेस कार वयाच्या ८९व्या वर्षी वारल्या, तेव्हा इथे दोघेच उरले होते.

पंथाची संस्थापक ॲन ली मँचेस्टरच्या कष्टकरी घरातली. १७७४ मध्ये ती मोजक्या अनुयायांसह अमेरिकेत आली. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता, स्त्री-पुरुषांना बरोबरीचा मान, युद्धाला नकार ही पंथाची तत्त्वं. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत हजारो माणसं या वाटेनं आली. घरात मूल जन्मणार नव्हतं, म्हणून शेकरांनी अनाथ पोरं वाढवली. पण मोठी झाल्यावर बहुतेक जण निघून गेले. त्यात कारखान्यांचा स्वस्त माल बाजारात आला. पुरुष झपाट्यानं घटले आणि वस्तीचा प्रपंच सिस्टरांच्या हातांवर चालू लागला.

त्यांचं पॉप्लरचं काम बघण्यासारखं. हे लाकूड रंध्यानं पातळ सोलायचं, त्याच्या बारीक पट्ट्या काढायच्या आणि सुती धाग्यांच्या उभ्या ताण्यात आडव्या विणायच्या. लाकडाचं कापडच ते! मागे कागद चिकटवून त्याच्या डब्या बनत आणि जवळच्या पोलंड स्प्रिंगच्या हॉटेलात येणारे श्रीमंत पाहुणे त्या विकत घेत.

पुरुषांत ब्रदर डेल्मर विल्सन यांचा हात लंबगोल डब्यांवर बसलेला. मेपलची पट्टी गरम पाण्यात मऊ करून साच्याभोवती वळवायची. तिचं टोक आधीच बोटांसारखं निमुळतं कापलेलं असतं. लाकूड हवेनं फुगतं, आकसतं; त्या बोटांमुळे जोड फाटत नाही. बोटं तांब्याच्या चुकांनी ठोकायची, कारण लोखंड गंजून लाकूड डागाळतं. शिवणाच्या सामानासाठी विल्सन मूठ लावून अशाच परड्या करत आणि सिस्टर त्यांना आतून साटीन लावत. १९६१ मध्ये ते गेले.

अशा वस्तू आज संग्राहक भरमसाट किमतीला घेतात. याच वस्तीतल्या सिस्टर मिल्ड्रेड बार्कर यांना याचंच वाईट वाटे. आपण खुर्ची म्हणूनच लोकांच्या लक्षात राहणार, असं त्या म्हणत. त्यांची तक्रार रास्त होती. जुनी भक्तिगीतं त्यांनी तोंडपाठ जपली, आणि इथल्या लोकांसाठी सुतारकाम व प्रार्थना ही एकच उपासना होती.

१८व्या शतकाअखेर सुरू झालेला वस्तीचा वनौषधींचा धंदा ब्रदर थिओडोर जॉन्सन यांनी पुन्हा उभा केला. पुदिना, सेज अजूनही पत्र्याच्या डब्यांतून विकले जातात. पंथात यायचं तर माणूस अविवाहित आणि कर्जमुक्त हवा. रविवारची प्रार्थना मात्र सगळ्यांना खुली असते. पुरुष एका बाजूला बसतात, स्त्रिया समोर.