चाळीस हजारांतली दुचाकी

शहरात शिकताना : लेखांक ९

गेल्या जूनमध्ये आमच्या तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपच्या दारात एक मुलगी वडिलांना घेऊन आली. गाव अंबाजोगाईजवळचं, खोली वारज्याला, कॉलेज शिवाजीनगरला. जाऊन-येऊन रोज वीसेक किलोमीटर. वडिलांनी सोयाबीनच्या पैशातले चाळीस हजार वेगळे काढून ठेवले होते. त्यांनी मोबाइलवर एका काळ्या पल्सरचा फोटो दाखवला. नवे स्टिकर, चकचकीत सीट कव्हर, किंमत ३९ हजार. "सर, ही घेऊ का? बजेटमध्ये बसतेय."

मी म्हटलं, बसत नाहीये. चाळीस हजार जवळ असतील तर गाडी तीसच्या आसपासची बघा. उरलेले दहा गाडीच्याच नावाने बाजूला ठेवा. वडिलांना वाटलं, मी कमी प्रतीची गाडी सुचवतोय. म्हणून त्यांच्यासमोर कागदावर हिशेब मांडला. तोच आज इथे मांडतो आहे, कारण गेल्या बावीस वर्षांत दर जूनला मुलं याच जागी चुकताना पाहिली आहेत.

जुनी गाडी घेतल्यावर पहिल्या महिन्यात काही खर्च ठरलेले असतात. टायर गुळगुळीत झाले असतील तर दोन्ही मिळून तीन हजारांच्या आसपास. बॅटरी हजार-दीड हजार. चेन-स्प्रॉकेटचा किट साधारण तेवढाच. शिवाय ऑइल, एअर फिल्टर, ब्रेक शू, क्लच केबल. विमा संपलेला असेल तर तो, आणि गाडी नावावर करायचा खर्च. सगळंच एकदम निघेल असं नाही, पण यातलं निम्मं तरी निघतंच. सगळे पैसे विकणाऱ्याच्या हातावर ठेवून आलेला मुलगा मग गुळगुळीत टायरवर पावसाळा काढतो. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. जुलैत ओल्या रस्त्यावर घसरलेली मुलं मी हॉस्पिटलात जाऊन पाहिली आहेत.

आता गाडी कोणती? विद्यार्थ्यासाठी माझं उत्तर बऱ्याच वर्षांत बदललेलं नाही. १०० ते १२५ सीसीची, साधी, जिचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात अशी. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे. हीरो आणि होंडा वेगळे झाले, इंधनाचे नियम बदलले, पण ते ९७.२ सीसीचं इंजिन कुठल्याही गॅरेजवाल्याला पाठ आहे. तीच गोष्ट शाइनची. गिअर नको असतील तर अ‍ॅक्टिव्हा. मात्र स्कूटरमध्ये चेनऐवजी बेल्ट असतो आणि तो साधारण वीस-पंचवीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो, म्हणून शेवटचा कधी बदलला हे विचारायचंच. आधीच्या अ‍ॅक्टिव्हांना दोन्हीकडे दहा इंची चाकं आहेत. खड्ड्यात ती मोटरसायकलपेक्षा जास्त आदळतात. पल्सर किंवा तिच्यापेक्षा जोरदार गाडी वाईट असते असं नाही. पण या किमतीत मिळणारी अशी गाडी बहुधा तीन-चार हातांतून फिरलेली असते आणि त्यातल्या निदान एकाने तरी ती पळवून पळवून वापरलेली असते. जुनी इलेक्ट्रिक स्कूटर या बजेटमध्ये नको. तिची निम्मी किंमत बॅटरीत असते आणि ती बॅटरी आपल्याला उघडून बघता येत नाही.

१ एप्रिल २०२० पासून विकलेल्या गाड्या बीएस-६ आहेत आणि त्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आलं. तीस हजारांत मिळते ती बहुधा त्याआधीची, कार्ब्युरेटरची. विद्यार्थ्याला ती उलट सोयीचीच, कारण कार्ब्युरेटर कुठलाही मेकॅनिक खोलून साफ करतो. इंजेक्शनची गाडी घेतलीच तर चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा आधी लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरायला हवा. त्याआधीच्या भावाने कोणी मागत असेल तर हे शांतपणे सांगा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी फोन करून सांगा, "सुरू करून ठेवू नका." पोचल्यावर बोलता बोलता इंजिनाला हात लावून बघा. गरम असेल तर कशासाठी तापवून ठेवली ते विचारा. थंड इंजिन एक-दोन किकमध्ये सुरू झालं पाहिजे. थंडीत सायलेन्सरमधून थोडी पांढरी वाफ येते, ती लगेच विरते, तिची काळजी नको. निळसर धूर मात्र ऑइल जळत असल्याची खूण. रेस केल्यावर सतत येत असेल तर पिस्टन-रिंग गेल्या, म्हणजे गॅरेजवाल्याच्या भाषेत 'हाफ इंजिन' आलं. सुरू करताना एक झुळूक येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचं सील. वरच्या बाजूने टर्र असा आवाज येत असेल तर टायमिंग चेन. यातलं काही असलं म्हणून गाडी सोडूनच द्यावी असं नाही. किमतीतून तेवढे वजा करायचे.

ऑइलचं झाकण उघडून आतलं ऑइल बघा. काळं असेल तर जुनं झालंय एवढंच. पण दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. आपल्याकडे हे तपासायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत, त्याच सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याला, २०२१ च्या जुलैत चिपळूणला आणि २०२४ च्या जुलैत सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं. किती गाड्या बुडाल्या याची गणती नाही. त्यातल्या बऱ्याच धुऊन, वाळवून पुन्हा विकल्या गेल्या. सीटखालचे बोल्ट एकसारखे गंजलेले, हेडलाइटच्या काचेच्या आत मातीची रेघ, एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ, हॉर्न आणि इंडिकेटरची बटणं अडकत चालणारी. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर भाव करू नका, परत या. पाण्यात गेलेल्या गाडीची वायरिंग वर्षभर एकेक करून दगा देते.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी साधा भागाकार करा. आठ वर्षांच्या गाडीवर १८ हजार दिसत असतील तर ती रोज जेमतेम सहा किलोमीटर चालली. एखाद्या निवृत्त गृहस्थाची असेल तर शक्य आहे. कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्याची असेल तर शक्य नाही. मग फूटरेस्टचं आणि गिअर लीव्हरचं रबर बघा, हँडलच्या मुठी बघा, चावीची धार बघा. मीटर मागे फिरवणारा रबर बदलायला विसरतो. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '३२१९' म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. २०१६ ची गाडी, टायर २०१९ चे आणि मीटरवर नऊ हजार किलोमीटर, हे जुळत नाही.

अपघाताची एक खूण मला माझ्या उस्तादांनी दाखवली होती आणि ती फारशी कोणी बघत नाही. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. मानेपाशी लोखंडाचा एक छोटा थांबा असतो, हँडल त्यावर जाऊन टेकतं. समोरून जोरात धडक बसली की तो वाकतो किंवा तुटतो, आणि मग कोणीतरी वेल्डिंग करून बसवतो. तिथे वेल्डिंगचा ताजा माल दिसला तर चेसीनेच मार खाल्लेला आहे. नंतर गाडी मधल्या स्टँडवर लावून, मागचा भाग दाबून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. मध्यावर खाचेत बसल्यासारखं वाटलं तर कोन सेट गेला. तो बदलता येतो. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेल पसरलं असेल तर ऑइल सील गेलं. तेही बदलता येतं. चेसी बदलता येत नाही.

आणि चालवून बघायची ती चढावर. मी मुलांना पौड रस्त्याने चांदणी चौकाच्या चढावर पाठवतो. मागे एक जण बसवून तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. इंजिनाचा आवाज वाढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट संपल्या.

इतकं सगळं बघून झालं तरी अर्धंच काम झालेलं असतं. आता कागद.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. १९९८ साली मी एक जुनी मोटरसायकल घेतली. विकणाऱ्याने आरसी बुक आणि सह्या केलेला कोरा 'टीटी फॉर्म' दिला. मी नावावर केली नाही, कारण पैसे नव्हते आणि सगळेच तसं करत होते. दोन वर्षांनी तोच कोरा फॉर्म पुढे देऊन मी ती विकली. त्यानंतर कधीतरी त्या गाडीने एकाला उडवलं. पोलीस गेले ते आरसीवर नाव होतं त्यांच्या घरी. ते सांगलीचे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी ती गाडी माझ्याही आधी विकलेली होती. कोर्टाच्या खेपा त्यांनी घातल्या. मला हे फार उशिरा कळलं, आणि त्यांना भेटायला गेलो तेव्हा काय बोलावं ते सुचलं नाही.

कायदा याबाबत आता स्पष्ट आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंच एक प्रकरण निकाली काढलं. गाडी एकामागून एक विकली गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत पहिलाच मालक होता. न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच ठेवली. विकणाऱ्याला कोऱ्या फॉर्मचा धोका हा असा. घेणाऱ्यालाही तो चुकत नाही: गाडी चोरीला गेली तर विम्याचे पैसे मागायला आपलं नाव नाही, पोलिसांनी जमा केली तर सोडवायला मूळ मालक शोधा, आणि शिक्षण संपल्यावर ती पुन्हा विकायची तर तोच फॉर्म पुढे सरकवा.

म्हणून नमुना २९ विकणाऱ्याचा आणि नमुना ३० घेणाऱ्याचा, दोन्ही भरून अर्ज झालाच पाहिजे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचं पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय इसारापलीकडे एक रुपया देऊ नका. "हप्ते कधीच फिटलेत" हे तोंडी ऐकून भागत नाही. आरसीवर बोजा आहे तोवर तो आहे. मोटरसायकलचा चेसी नंबर बहुधा हँडलच्या मानेवर असतो. आरसी हातात धरून एकेक अक्षर जुळवा. आकडे घासलेले किंवा वेगवेगळ्या उंचीचे दिसले तर तिथून निघा. दंड थकलाय का, ते महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की कळतं. आणि नोंदणी १५ वर्षांची असते, हे विसरू नका. २०१२ ची गाडी आज स्वस्त वाटते, पण २०२७ मध्ये तिची फिटनेस तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर तुमच्या गळ्यात येतो, तोही शेवटच्या वर्षाच्या परीक्षांच्या वेळी.

विम्याबाबत दोन गोष्टी. गाडी विकत घेतल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे विकणारा सांगतो त्या हप्त्यात तुमचा विमा होणार नाही. पैसे अगदीच नसतील तर थर्ड पार्टी तरी घ्याच. २०२२ साली ठरलेल्या दराने ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला तो वर्षाला, कर सोडून, ७१४ रुपये पडतो.

डीलरकडून घ्यायची असेल तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकृतता दाखला घ्यावा लागतो, आणि मालकाने गाडी त्याच्याकडे सोपवल्याची नोंद झाली की तोच मालक मानला जातो. तो दाखला बघायला मागा. पण माझा कल अजूनही थेट मालकाकडून घेण्याकडेच आहे. एप्रिल-मेमध्ये शेवटच्या वर्षाची मुलं गावी परतताना गाड्या विकतात, तेव्हा भाव पडलेला असतो. जूनमध्ये तोच भाव चढतो. एकाच सर्व्हिस सेंटरला चार वर्षं गेलेली, पहिल्या मालकाची, थोडे ओरखडे असलेली गाडी मी नव्या रंगाच्या गाडीपेक्षा केव्हाही आधी घेईन.

त्या मुलीला आम्ही शेवटी कर्वेनगरच्या एका काकूंची २०१७ ची अ‍ॅक्टिव्हा मिळवून दिली. मडगार्डला पोचा, बेल्ट नुकताच बदललेला, सर्व्हिसच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेल्या. ३१ हजारांना ठरली. टायर, बॅटरी, विमा आणि नावावर करणं मिळून सहा हजार दोनशे लागले. गाडी ताब्यात घेताना कागदावर तारखेबरोबर वेळही लिहायला लावली, 'सकाळी ११ वाजून २० मिनिटे', म्हणजे त्या मिनिटाच्या आधीचा दंड काकूंचा आणि नंतरचा हिचा. दुसरी चावी विसरत होतो, ती काकूंनीच आतून आणून दिली. तीन आठवड्यांनी आरसीचं कार्ड पोस्टाने वारज्याच्या पत्त्यावर आलं. तिने त्याचा फोटो वडिलांना पाठवला आणि मग मला. वडिलांचं नाव तिच्या नावापुढे बरोबर छापलंय का, एवढंच तिला माझ्याकडून पडताळून घ्यायचं होतं.