मुलाचा खोकला हटत नाही. दोष पोटातल्या आम्लाचा आहे का?

तीन आठवडे झाले, मुलाचा खोकला जात नाही. आवाज बसलेला, झोपल्यावर ठसका, दिवसभर घसा खाकरणे. सिरप बदलून झाले, वाफही देऊन झाली. मग कुणीतरी सांगते, "ॲसिडिटी आहे", आणि अम्मी-अब्बू मेडिकलवरून परस्पर गोळी आणतात. इथेच थांबा, असे आम्हाला सांगायचे आहे.

पोटातले आम्ल घशापर्यंत चढले तर स्वरयंत्राला आणि श्वासनलिकेला त्रास होतो, हे खरे. छातीत जळजळ होईलच असे नाही. पण हे पक्के सांगणारी एकच अशी तपासणी नाही. दुर्बिणीतून घसा लाल दिसला, तरी लाली ॲलर्जीनेही येते. बेरियमच्या एक्स-रेमध्ये अन्ननलिकेच्या रचनेतला दोष कळतो, आम्लाचे निदान होत नाही. नाकातून बारीक नळी घालून २४ तास नोंद घेतली, तर आम्ल वर येणे आणि खोकला यांची वेळ जुळते का ते कळते. ही सोय मोठ्या शहरांतच मिळते.

अमेरिका व युरोपातील बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी 2018 मध्ये स्पष्ट सांगितले आहे: नुसता खोकला किंवा घरघर असेल, तर आम्लाचे औषध देऊन "फरक पडतो का बघू" असे करू नये. या औषधांनी जुलाब आणि छातीचा संसर्ग वाढू शकतो.

आधी बाकीची कारणे तपासा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आणि वजन घटत असेल, तर टीबीची तपासणी हवीच. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. दमाही पाहावा लागतो. खाता-खाता अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला असेल, तर शेंगदाणा किंवा आपल्या बालाघाटातल्या सीताफळाची बी श्वासनलिकेत अडकलेली असू शकते. ही गोष्ट डॉक्टरांना आठवणीने सांगा.

खोकला कधी येतो, जेवणानंतर की झोपेत, हे आठवडाभर वहीत लिहा. रमजानमध्ये मूल उशिरा जेवून लगेच झोपते का, तेही लिहा. वही घेऊन बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

तान्हे बाळ हसतखेळत दूध ओकत असेल आणि वजन वाढत असेल, तर घाबरू नका. बहुतेकांचे वर्षभरात थांबते. मात्र ओठ निळे पडले, श्वास अडखळला, उलटी हिरवी किंवा रक्ताची झाली, तर वही राहू द्या, त्याच क्षणी दवाखाना गाठा.