डोकेदुखीचं चित्र काढता येतं?

डोकं दुखतंय म्हटलं की आई आधी कपाळाला हात लावून बघते. पण दुखतंय म्हणजे नेमकं कसं, सांगा बरं! अवघड आहे ना? मग कागद घ्या आणि ते दुखणं काढून दाखवा.

खरंच सांगतोय. अमेरिकेतल्या कार्ल स्टॅफस्ट्रॉम या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२६ मुलांना तपासणीआधी आपापल्या डोकेदुखीचं चित्र काढायला लावलं. कुणी डोक्यावर बसणारे हातोडे काढले, कुणी उलटी होतानाचं चित्र काढलं, कुणी स्वतःला अंथरुणात पडलेलं दाखवलं. नुसत्या चित्रांवरून त्यांनी ओळखलं, की ही अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन आहे की दुसरं काही. आणि तो अंदाज तपासणीशी बहुतेक वेळा जुळला! हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला.

अर्धशिशी रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, एक्स-रेमध्येही दिसत नाही. ती कळते ती तुमच्या सांगण्यावरून. म्हणून नीट सांगायला शिकायचं.

ताणामुळे दुखतं तेव्हा डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, पण खेळता-वाचता येतं. अर्धशिशीत डोकं ठणकतं, जिना चढलात की आणखी. मळमळतं, उजेड आणि आवाज नकोसे होतात. मोठ्यांचं बहुधा अर्धं डोकं दुखतं. मुलांचं मात्र पुष्कळदा दोन्ही बाजूंनी. तेव्हा अर्धंच दुखत नाही म्हणून ती अर्धशिशी नव्हे, असं समजू नका.

काहींना दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या, नागमोडी रेघा दिसतात. ह्युबर्ट एअरी या इंग्रज डॉक्टरने १८७० साली स्वतःला दिसणाऱ्या अशा रेघांची सुंदर चित्रं छापली. पुढे १९४१ मध्ये कार्ल लॅशली या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्याच नजरेपुढे सरकणाऱ्या रेघांवरून हिशेब मांडला: मेंदूच्या पृष्ठभागावरून काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने पुढे जात असणार. तीनच वर्षांनी ब्राझीलच्या अरिस्टिडिस लिआंव यांना सशाच्या मेंदूत तशीच संथ लाट सापडली. ती जिथून जाते तिथलं काम थोडा वेळ मंदावतं. केवढी कमाल! नुसतं निरखून लॅशलींनी मेंदूतला वेग सांगितला.

आणि गंमत म्हणजे मेंदूला स्वतःला वेदना कळतच नाही. दुखतात ती त्याच्यावरची आवरणं आणि तिथल्या रक्तवाहिन्या. त्यांची खबर चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूकडून पोचते.

दुखू लागल्यावर लगेच मोठ्यांना सांगा. शाळेत असलात तर बाईंना. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून दिलेलं औषध सुरुवातीलाच घेतलं तर जास्त उपयोग होतो. मग अंधाऱ्या खोलीत झोप. मुलांना झोपेने पुष्कळदा अगदी बरं वाटतं. ॲस्पिरिन मात्र मुलांनी आपल्या मनाने कधीच घ्यायची नाही. आठवड्यात वारंवार गोळ्या घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. उपाशीपोटी शाळेत जाणं, पाणी न पिणं, जागरण यांनीही काहींची अर्धशिशी उठते. म्हणून दुखलं त्या दिवशी काय खाल्लं, किती झोपलात, ते वहीत टिपा. चित्रही काढा. ती वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

अचानक कधी नव्हे इतकं भयंकर दुखलं, तापासोबत मान आखडली, डोक्याला मार लागल्यावर दुखू लागलं, पहाटे दुखण्याने जाग येऊन उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसू लागले किंवा हातपाय लुळे वाटले, तर वही-चित्र बाजूला ठेवून ताबडतोब दवाखाना गाठायचा.