अ‍ॅम्बेसेडरचे टॅपेट : फटीचा हिशेब

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला, तेव्हा साहेबांची गाडी म्हणजे पांढरी अ‍ॅम्बेसेडर हे समीकरण अजून टिकून होतं. पुढच्याच वर्षी, १ फेब्रुवारी २००० पासून, देशभर शिसेविरहित पेट्रोल लागू झालं. माणसांच्या आरोग्यासाठी ही फार मोलाची गोष्ट होती. जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची मात्र तिथून परीक्षा सुरू झाली.

आज अशा गाड्या थोड्याच उरल्या आहेत. कुणाच्या वाड्यात, कुणाच्या राइस मिलच्या शेडमध्ये, आजोबांची आठवण म्हणून जपलेल्या. त्या दुरुस्तीला आल्या की तक्रार बहुधा एकच असते : ‘इंजिन टकटक वाजतंय, ओढ राहिली नाही.’ आणि बऱ्याचदा घाईघाईने थेट हेड उतरवलं जातं. खरं तर या इंजिनाचं दुखणं बाहेरूनच, रॉकर कव्हरचे दोन नट काढून, बरंचसं ओळखता येतं. त्यासाठी लागतात फीलर गेज, कान, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद-पेन्सिल.

हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालातल्या उत्तरपाड्याला ही गाडी बांधली ती इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून. सुरुवातीच्या गाड्यांत साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. त्यात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे असत. थोड्याच काळात त्याच्या जागी १४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज इंजिन आलं आणि व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. कॅमशाफ्ट मात्र खाली ब्लॉकमध्येच राहिली. मे २०१४ मध्ये उत्तरपाड्याचं उत्पादन थांबलं. मधल्या काळात डिझेल इंजिनं आली, इसुझूचं १८०० सीसीचं इंजिनही आलं. पण जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बेसेडरची ओळख राहिली ती या बी-सिरीजचीच.

खालची कॅमशाफ्ट आणि वरचे व्हॉल्व्ह यांना जोडणारी साखळी समजली की निम्मं निदान झालं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅम एकदा फिरते. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरच्या एका टोकाला. धान कांडायच्या ढेकीसारखा रॉकर मध्यावर डुलतो आणि त्याचं दुसरं टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाब देतं. उंचवटा सरकला की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. रॉकर आणि दांडा यांच्यात बारीक फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू वाढतो. बी-सिरीजच्या घराण्यात ही फट साधारण १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, मिलिमीटरमध्ये ०.३८ धरतात, तरी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा, आणि तो गरम इंजिनाचा की थंड, हे पाहूनच पुढे जावं.

आता आवाज. टॅपेटची टकटक क्रँकच्या निम्म्या वेगाने येते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर मंद चालत असेल तर एक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो; तो ठोका कानाला वेगळा ओळखू येण्याइतका सावकाश असतो. क्रँकच्या पूर्ण वेगाने येणारा, जड आणि भार पडला की वाढणारा ठोका बेअरिंगचा. थंड इंजिनात बोथट वाजून तापल्यावर विरणारा पिस्टनचा. पुढच्या बाजूने, अ‍ॅक्सिलरेटर सोडताना खळखळणारा टायमिंग चेनचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की जागा आणखी पक्की होते. मग कव्हर काढून, इंजिन मंद चालू ठेवून, एकेका रॉकरखाली फीलर गेजचं पातं सरकवायचं. ज्या रॉकरखाली पातं जाताच टकटक थांबते, तो सापडला.

कव्हर काढलंच आहे तर पुशरॉडकडे नीट बघावं. चालत्या इंजिनात ते वर-खाली होतानाच स्वतःभोवती हळूहळू फिरतात. टॅपेटचा तळ सगळीकडून सारखा घासला जावा म्हणून ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. आठातला एखादा गुमान उभा राहून नुसताच वर-खाली होत असेल तर त्याच्या टॅपेटचा तळ किंवा कॅमचा उंचवटा खाल्ला गेल्याची दाट शंका घ्यावी. खात्रीसाठी डायल गेज लावून प्रत्येक व्हॉल्व्ह किती उघडतो ते मोजावं. कमी उघडणारा आपोआप उघडा पडतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या गाड्यांसाठी बनलेल्या आजच्या तेलांत झिंक-फॉस्फरसचं प्रमाण कमी ठेवलेलं असतं, आणि अशा सपाट टॅपेटना झिंक-फॉस्फरसच्या थराचा आधार लागतो. तेल निवडताना हे लक्षात घ्यायला हवं.

फट मोजण्याची या इंजिनाची रीत फार सुंदर आहे. रेडिएटरकडून मागे एक ते आठ असे व्हॉल्व्ह मोजा. आठवा पूर्ण उघडा असताना पहिल्याची फट बघायची, सातवा उघडा असताना दुसऱ्याची, सहावा उघडा असताना तिसऱ्याची. दोन्हींची बेरीज दर वेळी नऊ. प्लग काढले की इंजिन हाताने सहज फिरतं. घाई नसेल तर अर्ध्या तासाचं काम.

इथेच सगळ्यात मोठी हानी होते. फट चुकीची दिसली की हात लगेच स्क्रूकडे जातो, फट १५ वर येते आणि आधी ती किती होती हे कुणालाच कळत नाही. पुरावाच पुसला जातो. म्हणून आधी आठही आकडे लिहायचे, मगच स्क्रू फिरवायचा. फट वाढली असेल तर झीज रॉकर, शाफ्ट, पुशरॉड, टॅपेट किंवा कॅम यांत आहे. फट कमी झाली असेल तर व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये खाली बसत चालला आहे. पहिल्या दोषात आवाज येतो. दुसऱ्यात इंजिन उलट शांत होत जातं, आणि तोच खरा घातक. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, सीटला टेकून थंड व्हायची उसंत त्याला मिळत नाही, आणि एक दिवस त्याची कड जळते.

शिशाचा संबंध इथे येतो. या जुन्या हेडमध्ये सीट वेगळी बसवलेली नसते, ओतीव लोखंडातच कापलेली असते. पेट्रोलमधल्या शिशाचा पातळ थर सीट आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये राहायचा. तो गेल्यावर तापलेला व्हॉल्व्ह सीटला सूक्ष्म ठिकाणी चिकटतो आणि सुटताना कण ओरबाडून नेतो. गोंदियाच्या बाजारपेठेत रमतगमत फिरणाऱ्या गाडीत हे फार सावकाश घडतं. मे महिन्यात कोहमारा ते देवरी महामार्गावर तासन्‌तास दामटलेल्या गाडीत ते झपाट्याने घडतं. एक्झॉस्टचे चार आकडे तारखेवार लिहिलेले असतील तर व्हॉल्व्ह जळण्याच्या कितीतरी आधी ते दिसतं.

फीलर गेजही एका ठिकाणी फसवतं. रॉकरच्या टोकाला दांड्याच्या घर्षणाने खळगा पडतो. सपाट पातं खळग्याच्या दोन काठांवर टेकतं, खळगा तसाच राहतो. पातं १५ सांगतं, खरी फट कितीतरी मोठी असते. फट बिनचूक लावूनही टकटक गेली नाही तर रॉकर काढून त्याच्या टोकावरून नख फिरवावं. खळगा नखाला लागतो.

जिल्ह्यातला पाऊसही या दुखण्यात सामील आहे. धानाच्या हंगामात चार महिने गाडी उभी राहिली तर कोणते ना कोणते व्हॉल्व्ह उघडेच राहिलेले असतात. दमट हवा त्यांच्या दांड्यांवर आणि सीटवर गंज चढवते, आणि दिवाळीत सेल्फ मारल्यावर अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवू शकतो. अशा गाडीचे प्लग काढून, तेल सोडून, आधी हाताने दोन-चार फेऱ्या द्याव्यात. पुशरॉड सरळ आहे की नाही हे काचेवर लोळवून क्षणात कळतं.

ओढ कमी असेल तर कॉम्प्रेशन बघायचं : इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. एखाद्या सिलिंडरचा आकडा कमी आला तर त्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावं. आकडा चढला तर रिंगा. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट. पक्का निकाल हवेने लागतो. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, गाडी गिअरमध्ये, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. व्हॅक्यूम गेज वापरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की पुस्तकातले १७ ते २१ इंच समुद्रसपाटीचे आहेत. गोंदिया सुमारे ३०० मीटर उंचीवर आहे, तिथे काटा इंचभर खालीच राहणार.

एवढं झाल्यावर हेड उतरवलं तर ते कारण माहीत असून उतरवलेलं असतं. सीट थोडी खराब असेल तर पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासायचा आणि पोर्टमध्ये रॉकेल ओतून गळतं का बघायचं. सीट खोल गेली असेल तर हेड मशीन शॉपमध्ये देऊन कडक धातूच्या सीट बसवून घ्यायच्या. हा खर्च एकदाच होतो आणि शिशाची उणीव कायमची भरून निघते.

आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटर मेकॅनिक कोर्सला येणाऱ्या मुलांना आज सेन्सर आणि स्कॅनर शिकावेच लागतात, आणि ते योग्यच आहे. पण कारण उघड्या डोळ्यांनी बघायला असं एक इंजिन वर्गात हवं. इथे प्रत्येक दोष मोजता येतो, हाताला लागतो, आणि मोजण्याआधी दुरुस्त करू नये ही शिस्त अंगी बाणते. गाडीमालकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवावी : तारीख, किलोमीटर आणि आठ आकडे. इंजिन उघडायचं की नाही, हे त्या आकड्यांनीच ठरवावं.